कपाटाची खोली

कल्पना कर, तुला तुझं अख्खं घर एका दुपारी उचलून पलीकडच्या गल्लीत नेऊन ठेवायचं आहे. नुसतं सामान नाही, घरच. भिंती, खिडक्या, जिना, नळ, दारांच्या कड्या. उचलायला माणसं आली आहेत. कामाला चोख आहेत, पण तुझी भाषा त्यांना येत नाही. तू ‘दार’ म्हटलंस की ती दाराकडे बघतात आणि त्यांना एक मोठी फळी दिसते. ती फळी ही माणसं जपून नेतील, ओरखडासुद्धा उठू देणार नाहीत. पण तिकडे गेल्यावर ती उघडणार नाही, कारण ती उघडते हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

कॉम्प्युटरवर काढलेलं घर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना अगदी असंच होतं. म्हणून हे काम करणारी माणसं घर तिकडे पोहोचलं की लगेच खूश होत नाहीत. आधी एकेका खोलीत डोकावून बघतात, काय फुटलं, काय हरवलं, आणि काय जास्तीचं आलं.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे, तिची आई हेच काम करायची. खिडकीशी लांब टेबल, त्यावर दोन स्क्रीन. डावीकडे जुना प्रोग्रॅम, उजवीकडे नवा. दिवसभर लोकांची घरं काढायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचं. त्या स्वतःच्या घराची पहिली रेघ तिनं मुलगी पाळण्यात होती तेव्हा मारली होती. कोपऱ्यातल्या खोलीला तिनं एक खिडकी दिली, इतकी खाली की जमिनीवर बसलेल्या लेकरालाही बाहेरचं दिसावं. खोलीवर लिहिलं, ‘बाळाची खोली’.

बाळ म्हणजे ही मुलगी. घरात सगळे तिला बाळच म्हणायचे. शाळेतलं नाव दप्तराबरोबर कोपऱ्यात पडून असायचं.

मग तिला भाऊ झाला.

तिचं नाव कुणी हिसकावून घेतलं नाही. पण हळूहळू ‘बाळ’ म्हटलं की घरातली सगळी डोकी पाळण्याकडे वळायला लागली, आणि ती ‘ताई’ झाली. पाळणा तिचा होता. त्यातलं बदकांचं पांघरूणही तिचंच होतं. त्याच्या एका कोपऱ्याला तिनं चोखून चोखून पाडलेलं भोक होतं, आणि आता त्या भोकात त्याचं बोट असायचं. पूर्वी आईच्या मांडीवर बसून ती स्क्रीनवर झाडं लावायची, खुर्च्या सरकवायची, दारं बसवायची. आईनंच शिकवलं होतं. आता मांडीवर तो असायचा आणि ती शेजारच्या स्टुलावर.

“अगं, ताई ही पदवी आहे,” मामा म्हणायचा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, बांधकामाचा इंजिनिअर. घर तोच बांधणार होता. “मी बघ, अजून तुझ्या आईला ताई म्हणतो आणि अजून तिला टरकून असतो.”

“मग पदवी तूच घे.”

“मला मिशा आहेत. शोभणार नाही.”

मामा हसला, आई हसली, मांडीवरचा तो उगाचच खिदळला. ती नाही हसली.

बांधकाम जवळ आलं आणि घर जुन्या प्रोग्रॅममधून नव्यात न्यायची वेळ आली, कारण मामाकडे नवाच होता. आईनं सगळ्या खोल्या तिला एकदा दाखवल्या.

“ही कोपऱ्यातली बाळाची. लिहिलेलंच आहे की तसं. तू मधल्या खोलीत. तुझी मोठी आहे, आणि शिवाय तुला भिंतीतलं कपाट.”

“बाळ मी होते.”

“होतीस ना,” आई म्हणाली. “आता किती मोठी झालीस.”

मुलगी त्या खाली असलेल्या खिडकीकडे बघत राहिली. पाय दुमडून त्या खिडकीशी कसं बसायचं, हे तिनं मनातल्या मनात कितीतरी वेळा ठरवलं होतं.

आता एक लहानशी गोष्ट नीट समजून घे, कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं. घर नेण्याआधी नवा प्रोग्रॅम विचारतो, जुन्यातलं कुठलं नाव आमच्यातल्या कुठल्या नावाशी जोडायचं? लोकांच्या कामात आई इंग्रजी नावं द्यायची. हे घरचं काम, म्हणून सगळी नावं घरच्या भाषेत होती. कपाटाच्या मापांना तिनं लिहिलं होतं, लांबी, उंची, खोली. खोली म्हणजे कपाट आत किती खोल जातं ते. आणि राहायच्या जागांनाही लिहिलं होतं, खोली. बाळ रडत होतं, आईचा एक हात त्याच्या पाठीवर होता. तिनं भराभर सारखं नाव सारख्या नावाशी जोडलं आणि बटण दाबलं.

संध्याकाळी मामाचा फोन आला. आईनं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

“ताई, तुझा संडास गच्चीवर आलाय. हवेशीर आहे, पण शेजाऱ्यांना विचारलंस का?”

“दारं?”

“सगळी फळ्या झालीत. एक मुख्य दार तेवढं धड आलंय, ज्यात तू आमच्या दाजींना उभं केलंयस.”

ही आईची युक्ती होती. माप कळावं म्हणून ती चित्रात माणसं ठेवायची, करड्या रंगाची, बिनचेहऱ्याची. बाबा, आई, ताई, आणि कोपऱ्यातल्या खोलीत आडवं ठेवलेलं एक छोटंसं. दार उघडं काढायचं आणि उंबऱ्यावर एक माणूस उभं करायचं. मग नव्या प्रोग्रॅमला कळतं की इथून जा-ये होते, आणि दार तिकडे दारच राहतं. बंद दाराची फळी होते.

“आणि हे काय गं?” मामा म्हणाला. “पोरांच्या दोन खोल्यांच्या मध्ये एक जास्तीची खोली आहे. दार नाही, खिडकी नाही. वर नुसतं ‘बाळ’ लिहिलंय. भावाला कोंडायची सोय केली का आमच्या भाचीनं?”

आईनं पाहिलं, आणि कपाळावर हात मारून हसायला लागली. “कपाटाची खोली! कपाट किती खोल ते लिहिलं होतं मी. ह्या शहाण्याला वाटलं राहायची खोली. आणि बाळाच्या खोलीतलं ‘बाळ’ आलं असेल चिकटून.”

तिनं खोडलं. कपाटाच्या मापाला ‘खोली’ऐवजी ‘खोलपणा’ लिहिलं आणि घर पुन्हा पाठवलं.

खोली पुन्हा आली.

आता आई हसली नाही. तिनं कोपऱ्यातली खोली मोजली. होती तेवढीच होती. मधली मोजली, मधली भिंत मोजली, घर बाहेरून मोजलं. कुठेच काही कमी झालं नव्हतं. शेवटी तिनं कागद घेतला आणि पेन्सिलीनं बेरीज केली, तीही बरोबर आली.

“मग हिला जागा कुठून मिळतेय?” ती स्वतःशीच म्हणाली.

“ताई, साफसफाईचं बटण दाब ना,” मामा म्हणाला. “ज्याला दार नाही ते सगळं उडतं.”

“शेवटी दाबेन. आत्ता दाबलं तर फळ्या झालेली दारंही उडतील. ती आधी एकेक नीट करते.”

त्यामुळे खोली राहिली. दर वेळी घर पाठवलं की थोडी मोठी होऊन यायची.

एका दुपारी आई बाळाला पाजायला आत गेली. मुलगी खुर्चीवर चढून बसली. नव्या प्रोग्रॅममध्ये बाणांची बटणं दाबत घरातून चालता येतं, डोळ्यांच्या उंचीवरून, जणू आपणच चालतोय. भिंती आडव्या येत नाहीत. ती मधल्या खोलीत गेली, भिंतीतल्या कपाटासमोर थांबली, आणि तशीच पुढे गेली.

आत उजेड होता.

कोपऱ्यातल्या खोलीची ती खाली असलेली खिडकी इथे होती. तिच्यातून जमिनीवर उन्हाचा पट्टा पडला होता. आईनं या घरात अजून ऊन सोडलेलं नव्हतं. सगळं करडं घर आणि एवढा एकच पिवळा पट्टा. पट्ट्यात काहीतरी अंथरलेलं होतं. ती जवळ गेली. बदकं होती. कोपऱ्याला भोक नव्हतं.

तिला भीती वाटली नाही, हे तुला खरं वाटणार नाही. तिला वाटलं, ही माझी आहे. मी बाळ होते तेव्हाची. कुणीतरी माझ्यासाठी जपून ठेवली आहे. ती आईला काहीच बोलली नाही. रोज दुपारी थोडा वेळ तिथे जाऊन खिडकीशी थांबायची.

आणि मग एक दिवस ती स्क्रीनसमोर असताना पाळण्याकडून आईचं गाणं ऐकू आलं. तिचंच गाणं होतं, जिथे तिचं नाव यायचं तिथे आई पूर्वीसारखंच ‘बाळ’ म्हणत होती. मुलगी खुर्चीत पुढे सरकली. तिनं कोपऱ्यातल्या खोलीतलं ते आडवं, छोटंसं माणूस माउसनं उचललं, भिंतीतून ओढत नेलं आणि बिनदाराच्या खोलीत, बदकांवर ठेवून दिलं.

“घे,” ती म्हणाली. “तुझंच नाव आहे ना वर? मग राहा तिथे.”

आतलं गाणं मधेच थांबलं. बाळ झोपलं असेल, तिला वाटलं.

त्या दिवशी ते रडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

“बाळ अगदी शहाणं झालंय हं,” बाबा म्हणाले.

मुलीनं पाळण्यात डोकावून पाहिलं. तो जागा होता. खिडकीतलं ऊन पाळण्याच्या गजांवर पडलं होतं, गजांची सावली गादीवर पडली होती. त्याच्या हाताची पडली नव्हती.

मग घरातून वस्तू जायला लागल्या. कशा गेल्या ते दिसलं नाही. दोरीवर वाळणारी दुपटी कमी झाली. दुधाची बाटली धुतलेल्या भांड्यांत दिसेना. एक दिवस ती शाळेतून आली तर पाळणा घडी करून माळ्यावर ठेवलेला होता. त्यावर धूळ होती, वर्षानुवर्षांची असावी तशी.

“बाळ, जेवायला ये,” आईनं हाक मारली.

ती थबकली. आईनं दाराशी येऊन थेट तिच्याकडे पाहिलं. “बाळ, तुलाच हाक मारतेय. हात धू.”

जेवण झाल्यावर आईनं तिला मांडीवर घेतलं. दोघींनी मिळून घराभोवती झाडं लावली. आईच्या मांडीवर किती जागा होती! बाबांनी तिच्यासाठी नव्या सपाता आणल्या, हिरव्या, वर बेडकाचे दोन काचेचे डोळे. फोनवर मामा म्हणाला, “काय म्हणतेय आमची एकुलती एक?”

हेच तर हवं होतं. दोन दिवस ती नव्या सपाता घालून घरभर फिरली.

तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “आई, तो कुठे आहे?”

“तो कोण?”

आईच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. खोटं बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं तेही नाही.

मुलगी टेबलापाशी आली. कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीतून गरम हवा येत होती. त्या हवेला दुधाचा वास होता. दुधाचा आणि पावडरचा. तिनं गाल जाळीला लावला आणि बराच वेळ तशीच राहिली.

बाहेर बाल्कनीत आई फोनवर होती. “हो रे, आज शेवटचं पाठवते. दारं सगळी नीट केली. साफ करते आणि पाठवते. पाचच मिनिटं.”

ज्याला दार नाही ते सगळं उडतं.

ती खुर्चीवर चढली. खोली आता डावीकडच्या स्क्रीनवरही होती, जुन्या प्रोग्रॅममध्ये, जिथून सगळं निघतं तिथे. बदकांवर ते छोटंसं माणूस होतं. आडवं नव्हतं. बसलं होतं, खिडकीकडे तोंड करून.

तिनं त्याच्यावर माउस नेला आणि उचललं.

उचललं जाईना. स्क्रीनवर एक ओळ आली. ‘ही वस्तू खोलीचा भाग आहे.’

तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा तीच ओळ.

बाल्कनीत आई हसली. “चल, ठेवते.”

मुलीनं दारांच्या चित्रांतून एक दार निवडलं आणि भिंतीतल्या कपाटाच्या जागी बसवलं. बसलं. पण बंद. बंद दाराची फळी होते. तिनं ते उघडलं. उंबऱ्यावर कुणीतरी उभं राहायला हवं होतं. बाबा मुख्य दारात होते. आईला तिथे उभं करावं असं एक क्षण तिच्या मनात आलं.

मग तिनं ‘ताई’ उचलली आणि उंबऱ्यावर ठेवली.

आई आली. तिला खुर्चीवरून उतरवून स्वतः बसली. डावीकडचं घर उजवीकडे पाठवलं, मग साफसफाईचं बटण दाबलं. निळी पट्टी हळूहळू भरत गेली. मुलगी स्टुलाला धरून उभी होती, नव्या सपाता घालून.

पट्टी भरली.

आतल्या खोलीत बाळ रडलं.

“ताई, बघ गं जरा त्याच्याकडे,” मान वर न करता आई म्हणाली. “आलेच मी.”

ती धावली. पाळणा जागेवर होता. बदकांच्या पांघरुणाच्या भोकात बोट अडकवून तो भोकाड पसरून रडत होता आणि त्याच्या हलत्या हातांची सावली गादीभर नाचत होती. “बाळ,” ती म्हणाली. त्याला तिनं तसं पहिल्यांदाच म्हटलं. “बाळ, बाळ, ए बाळ.”

ती परत आली तेव्हा आई दोन्ही स्क्रीन तपासत होती. जास्तीची खोली कुठेच नव्हती. भिंतीत कपाट होतं, आधीसारखंच.

“अरे, यातली ताई कुठे गेली?” आई म्हणाली. तिनं घरभर शोधलं. मग खांदे उडवले, माणसांच्या चित्रांतून एक निवडलं आणि मधल्या खोलीत नवीन ताई ठेवली.

घर झालं. सगळे राहायला गेले. कोपऱ्यातली खोली बाळाला मिळाली, आणि मुलीला त्याचं काही वाटलं नाही, निदान फारसं नाही. भिंतीतलं कपाट चांगलं होतं. मामानं मोजून दाखवलं होतं, आत हात घातला की कोपरापर्यंत जाईल एवढंच खोल. पण दुपारी दार किलकिलं राहिलं तर फटीतून जमिनीवर उन्हाची एक रेघ पडायची. त्या बाजूला खिडकी नव्हती.

बाळ रांगायला लागलं, मग धरून धरून उभं राहायला लागलं. दिसेल ते तोंडात घालायचं. तिच्या उजव्या सपातीवरचा एक डोळा त्यानं चावून चावून उपटला. ती रागावली नाही. त्याला फक्त एक शब्द शिकवायच्या मागे होती. रोज त्याच्यासमोर बसून म्हणायची, “म्हण, ताई. ता-ई.”

एका दुपारी तो तिच्या खोलीत आला. ती पलंगावर वाचत बसली होती. कपाटाचं दार किलकिलं होतं. तो कपाटाला धरून उभा राहिला, फटीत तोंड घातलं आणि स्वच्छ म्हणाला,

“ताई.”

ती पुस्तक टाकून उठली. “मी इकडे आहे. इकडे बघ!”

त्यानं मागे वळून तिच्याकडे पाहिलं, ओळखीचं हसला. मग पुन्हा फटीत तोंड घातलं. “ताई,” तो म्हणाला, लाडानं, अगदी तिला हवं होतं तसं.

ती कपाटापाशी गेली.

“ताई, ते कपाट लाव गं!” हॉलमधून आईचा आवाज आला. “त्याची बोटं चेंगरतील!”

तिनं बाळाला उचलून बाजूला ठेवलं आणि कपाटाच्या दारावर हात ठेवला. एवढं लावायचं की झालं. मग घरात ताई एकच.

तिनं ढकललं.

आतून कुणीतरी दार धरलं होतं. जोरात नाही. तिचा जोर होता तेवढाच.

तिनं आणखी रेटलं. दोन्हीकडून दार हललं नाही.

मग ती खाली बसली. उजव्या पायातली सपात काढली, दार लागू नये म्हणून फटीत सरकवली. ती मध्येच अडली. तिनं वाकून पाहिलं. आतल्या बाजूनं तशीच एक हिरवी सपात आधीच लावलेली होती.

त्या सपातीवरचे दोन्ही डोळे शाबूत होते.